स्नोमोबाइलचा वेग पडला आणि उजवी मूठ गार राहते : दोन्हींचा काही संबंध आहे का?

आपण कॅनडातून विचारले आहे की, आपली ६०० सीसीची जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल पूर्वी ताशी १४० किलोमीटरपर्यंत जात असे, ती या हिवाळ्यात १०० च्या पुढे सरकत नाही. त्याच सुमारास हँडलची तापणारी उजवी मूठही गार पडली. आणि मुठी वीज ओढतात म्हणूनच इंजिन मार खाते, असे आपल्या मित्राचे म्हणणे आहे. मित्राचे म्हणणे चुकीचे आहे. अशा मुठींची जोडी साधारण ६० वॅट घेते आणि एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. जनरेटरमधली गळती धरली तरी शंभरेक अश्वशक्तीच्या इंजिनाला एवढ्या ओझ्याची जाणीवसुद्धा होणार नाही, मग ताशी ४० किलोमीटरचा फरक पडणे दूरच. दोन दोष एकाच महिन्यात दिसले म्हणून त्यांचे मूळ एकच आहे, असे धरून चालू नये.

सोलापुरात बसून बर्फावरच्या गाडीबद्दल मी एवढ्या ठामपणे का लिहितो, हे सांगायला हवे. लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात असताना उत्तरेच्या बर्फात मी या गाड्या दुरुस्त केल्या आहेत. तिथे आम्ही त्यांना स्नो स्कूटर म्हणत असू. निवृत्तीनंतर इथे गॅरेज टाकले आणि समोर आल्या बिनगिअरच्या स्कूटर, ज्यांची चाल त्याच तत्त्वावर चालते. इंजिनाच्या क्रँकवर एक क्लच, मागे दुसरा क्लच आणि दोघांमध्ये रबरी बेल्ट. वेग वाढतो तसा पुढच्या क्लचच्या तबकड्या जवळ येतात, बेल्ट त्यांच्या कडेकडे चढतो आणि मागच्या क्लचमध्ये खाली उतरतो. बेल्ट पूर्ण कडेपर्यंत चढला नाही, तर इंजिन कितीही निरोगी असले तरी शेवटचा वेग मिळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न एकच : पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, किती दिसतो? कंपनीने दिलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त आरपीएम असेल आणि वेग मात्र कमी असेल, तर इंजिनाला हात लावू नका. दोष बेल्ट, क्लच किंवा ट्रॅकच्या, म्हणजे गाडीला बर्फावर ढकलणाऱ्या रुंद पट्ट्याच्या बाजूला आहे. आरपीएमच कमी असेल, तर कॉम्प्रेशन, प्लग, पूर्ण न उघडणारी थ्रॉटल केबल आणि कार्बन धरून अडकलेले एग्झॉस्ट व्हॉल्व्ह तपासा.

हे इतके सोपे असूनही लोक आधी कार्ब्युरेटर का उघडतात, यावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. अण्णा जुन्या गिअरच्या स्कूटरवर काम शिकले. त्यांचा हात चांगला आहे, आवाजावरून जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र) ओळखणारा त्यांच्यासारखा माणूस मी पाहिलेला नाही. पण वेग पडला की आधी कार्ब्युरेटर, हा त्यांचा नियम कोणत्याही गाडीला बदलत नाही. पूर्व भागातले एक यंत्रमागवाले आमचे जुने गिऱ्हाईक. चादरींचे गठ्ठे पुढे-मागे लादून ते नवी पेठेतल्या दुकानात माल पोचवत. त्यांची स्कूटर ऐन मे महिन्यात पन्नासाच्या पुढे जाईना. मी बाहेरगावी होतो, तेव्हा अण्णांनी जेट धुतले, प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, शेवटी नवा कार्ब्युरेटर चढवला, आणि तरीही फरक पडेना तेव्हा बोअर करून घ्या, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करा, असे सांगून टाकले. त्या माणसाचा हंगामाचा पैसा त्यात चालला होता आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

मी परत आल्यावर प्लगच्या वायरीला आरपीएम मोजणारा चिमट्याचा टॅकोमीटर लावला. इंजिन जोमाने फिरत होते, गाडी मात्र मागे राहत होती. डाव्या बाजूचे कव्हर उघडले तर आत सगळीकडे बेल्टची काळी भुकटी पसरलेली. बेल्टच्या दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या, व्हर्निअरने मोजलेली रुंदी पुस्तकातल्या किमान मापाच्याही खाली, आणि व्हेरिएटरचे, म्हणजे स्कूटरच्या पुढच्या क्लचचे, रोलर एका बाजूने चपटे. सोलापूरचा उन्हाळा, काळ्या मातीची धूळ आणि गठ्ठ्यांचे वजन, यात बेल्ट लवकर जातो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असायला हवे होते. अरुंद झालेला बेल्ट तबकड्या पूर्ण मिटल्या तरी कडेपर्यंत पोचत नाही. हे अण्णांना दिसावे म्हणून मी पुढच्या तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करची एक रेघ ओढली, गाडी होटगी रोडला नेऊन आणली आणि कव्हर पुन्हा उघडले. जिथपर्यंत बेल्ट चढला होता तिथपर्यंत रेघ पुसली होती, त्यापुढे कडेला बोटभर रेघ जशीच्या तशी होती.

नवा बेल्ट आणि रोलर टाकल्यावर वेग परत आला. अण्णा म्हणाले, हा नव्या कार्ब्युरेटरचा गुण. मग मी त्यांच्यासमोर जुना कार्ब्युरेटर साफ करून परत बसवला आणि गाडी पुन्हा तितकीच पळाली. त्यावर ते म्हणाले की, नव्या बेल्टमुळे जुन्या कार्ब्युरेटरचा दोष झाकला गेला. आमची पुढची बोलाचाली इथे लिहीत नाही, परंतु माझे मत आजही तेच आहे : मोजल्याशिवाय पार्ट बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून शिकणे, आणि कान कितीही तयार असला तरी तो बेल्टची रुंदी मोजू शकत नाही.

आपणही मार्करची हीच रेघ ओढावी. आरपीएम बरोबर असून रेघ कडेला शिल्लक राहिली आणि बेल्ट व क्लच तपासून निर्दोष निघाले, तर ट्रॅककडे वळा : ताण जास्त आहे का, बोगी चाकांची (ट्रॅकच्या आतल्या छोट्या चाकांची) बेअरिंग घासतात का, ब्रेक धरून राहतो का, बोगद्यात, म्हणजे ट्रॅकच्या वरच्या पोकळीत, बर्फ गोठून ट्रॅकला घासतो का. खाली पुरेसा सैल बर्फ नसेल, तर ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या रेल्सवरच्या प्लॅस्टिक पट्ट्यांना वंगण मिळत नाही, त्या तापून ट्रॅकला धरून ठेवतात. टणक बर्फावर चालवणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता मूठ. डावी तापते, म्हणजे फ्यूज शाबूत आहे आणि स्विचपर्यंत वीज येते. उजव्या मुठीची जोडणी सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजा. १२ व्होल्टवर ३० वॅटची मूठ ४.८ ओहमच्या आसपास दिसते. आपल्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून डाव्या मुठीशी ताडून पाहा. मोजताना हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवा. स्नोमोबाइलचा थ्रॉटल अंगठ्याचा असल्यामुळे मूठ फिरत नाही. वायर तुटते ती बहुधा स्टिअरिंगच्या खांबाजवळ, जिथे ती रोज वाकते. अंगठ्याच्या खटक्याचा हीटर वेगळा असतो, तो तापतो म्हणून मूठही ठीक, असे समजू नका. ओहम बरोबर आले, तर मूठ जोडलेली असताना तिच्या टोकांवर व्होल्ट मोजा. एकच धागा शिल्लक असलेली वायर मोकळ्या जोडणीत पूर्ण १२ व्होल्ट दाखवते आणि मूठ जोडताच कोसळते. निव्वळ टेस्टर-दिवा लावून वीज येते, असे सांगणाऱ्या मेकॅनिकवर विसंबू नका.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्के कमी होते, तेव्हा या वर्षी आपण उंचावरच्या भागात चालवत असाल, तर तो हिशेब आधी करा. गाडीचा स्पीडोमीटर ट्रॅकचा वेग दाखवतो. सैल बर्फात ट्रॅक जागेवर घसरला तरी आकडा वाढतो, म्हणून जुने १४० आणि आताचे १०० यांची तुलना जीपीएसवर आणि सारख्याच बर्फावर करावी. बेल्टचे कव्हर काढून इंजिन चढ्या आरपीएमवर नेऊ नका. तुटलेला बेल्ट माणसाला गंभीर इजा करतो. आणि आरपीएम कमी निघाला म्हणून अंदाजाने जेट लहान करू नका, कारण पेट्रोल कमी पोचले की टू-स्ट्रोक इंजिन फाजील तापून पिस्टन जळतो. बेल्टची रुंदी, पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम आणि दोन्ही मुठींचे ओहम लिहून कळवलेत, तर पुढचे नेमके सांगता येईल.