प्रोजेक्ट कोणाचा आहे?

प्रश्न: मुलगा ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंगच्या) शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए 7.4. प्रोजेक्टला त्याने अल्ट्रा वाइडबँड (यूडब्ल्यूबी, म्हणजे खूप रुंद पट्ट्यात अगदी छोटे रेडिओ पल्स पाठवण्याचं तंत्र) रिसीव्हर सुधारण्याचा विषय घेतलाय. माझा आयटीतला मित्र म्हणतो, हे तंत्रज्ञान कधीच बाद झालं. मी एआयचा विषय घ्यायला सांगितलं, क्लासची फीही भरायला तयार आहे. तेव्हापासून तो घरात धड बोलत नाही. गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) करावं की आयटी? – एक पालक, सांगली

उत्तर: नमस्कार. पत्रात तुमचं मत आहे, मित्राचं आहे. मुलाचं कुठे आहे? हाच विषय त्याने का घेतला, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही. 7.4 ची मला काळजी नाही, घरातल्या अबोल्याची आहे. गाईडशी बोलून ठरवलेला विषय तुम्ही मित्राच्या एका वाक्यावर मोडीत काढायला निघालात. आणि एआयचा म्हणजे नेमका कोणता विषय? तेही पत्रात नाही.

मित्राची माहिती अर्धवट आहे. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, 2002 मध्ये यासाठी 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झचा पट्टा खुला केला, तेव्हा वायरलेस यूएसबीची मोठी हवा होती. ती विरली, हे खरं. पण 2019 पासून आयफोनमध्ये यूडब्ल्यूबीची चिप येते, आणि खिशातला फोन ओळखून दार उघडणाऱ्या गाड्याही निघाल्यात. आता काम आहे ते अंतर मोजण्याचं. ट्रान्समीटरची पॉवर मनाला येईल तशी वाढवता येत नाही. मर्यादा उणे 41.3 डीबीएम प्रति मेगाहर्ट्झ, म्हणजे अगदीच क्षीण. म्हणून सगळी कसरत रिसीव्हरला. भिंतींवर, कपाटांवर आपटून एकाच पल्सच्या कितीतरी प्रती येतात. डेटा हवा असेल तर रेक रिसीव्हर त्या गोळा करून जोडतो. अंतराला मात्र सगळ्यात आधी आलेली प्रतच लागते, आणि मध्ये माणूस उभा राहिला की नेमकी तीच क्षीण होते. थ्रेशोल्ड, म्हणजे सिग्नल मानायची किमान पातळी, खाली आणला तर रिसीव्हर नॉइजलाच सिग्नल समजतो, वर नेला तर खरी प्रत हुकते. एक नॅनोसेकंदाची चूक म्हणजे 30 सेंटिमीटर.

मुलालाही एक सांगायचंय. मॅटलॅब सॉफ्टवेअरमध्ये रेकचे फिंगर (प्रती गोळा करणाऱ्या शाखा) वाढवत बीईआरचे (चुकलेल्या बिट्सच्या प्रमाणाचे) ग्राफ काढणं पुष्कळांनी करून झालंय. तेवढ्यावरच थांबणार असेल तर मीही नाराज होईन. दोन तयार यूडब्ल्यूबी मॉड्यूल घ्यावीत, कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये टेप लावून अंतर मोजावं, मध्ये एखाद्या वर्गमित्राला उभं करून चूक किती वाढते ते पाहावं, मग ती कमी करून दाखवावी. एम्बेडेड किंवा वायरलेसच्या इंटरव्ह्यूत यावर अर्धा तास बोलता येतं.

गेटचं म्हणाल तर ईसीचा (इलेक्ट्रॉनिक्स-कम्युनिकेशनचा) पेपर द्यायला हरकत नाही, सिग्नल्स आणि कम्युनिकेशन याच कामात पक्कं होईल. आयटीचे कॅम्पस इंटरव्ह्यूही देऊ दे, तिथे प्रोजेक्टच्या विषयावरून सहसा अडत नाही.

मॉड्यूलना पैसे लागतील. क्लासच्या फीची तयारी होतीच, त्यातले द्या.