औषध मारून आलेला माणूस

कपाशीवर फवारणी सुरू झाली की वेगवेगळ्या गावांतून समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच तक्रार येते : "मॅडम, आमचा माणूस बदलते. झोपत नाही, विसरते, लेकरांवर धावून जाते. डोकसं फिरलं का याचं?" 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जण दगावले, तेव्हापासून या प्रश्नात भीतीही असते.

रोजानं फवारा मारणारा एक जण बायकोसोबत आला. पहिल्या दोन भेटी मी त्याचं कर्ज नि बाप उकरण्यात घालवल्या, चूक माझीच. मग बायकोला सांगितलं, कॅलेंडरवर फवारणीला टिंब, भांडणाला फुली. तीन आठवड्यांनी ती पान फाडूनच घेऊन आली. बहुतेक फुल्या टिंबाला चिकटून होत्या.

त्याला म्हटलं, "मज्जातंतू एका रसायनातून निरोप देतात. काम झालं की एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते रसायन मोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉससारखी कीड मारायची औषधं त्या विकरालाच निकामी करतात. वाफ्यात पाणी सोडलं नि ते पुढे वळवायला बारं मोडणाऱ्याचेच हात बांधले, तर?"

"वाफा फुटंन."

"किडीचं तेच होतं. तुमच्या मेंदूतही तेच रसायन आहे."

तो बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. "मंग तिले मारलं ते औषधानं. म्या नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. इथे घाईनं दिलासा देणारे समुपदेशक मी पाहिलेत. मी म्हटलं, "हात तुमचाच होता. पण फुली कधी येऊ शकते, हे आता तुम्हाला आधी कळतं."

"त्या रात्री वसरीत निजतो मी," तो म्हणाला. हे मी सुचवलं नव्हतं.

असं घरी होत असेल तर आधी डॉक्टर गाठा, रक्तातलं कोलिनएस्टरेज, म्हणजे तेच विकर, तपासा. ते भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पंप पाठीवर नको. विष कातडीतूनही शिरतं, म्हणून भिजलेले कपडे लगेच बदला, साबणानं अंघोळ करा, त्या हातानं खर्रा नको. घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू दिसले तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना. बरं वाटल्यावरही एक ते चार दिवसांत श्वास अडकू शकतो, म्हणून दवाखान्यातून सुट्टीची घाई नको. माणूस उदास असेल तर डबा घरात ठेवूच नका.

शेवटच्या भेटीत पानावर टिंब नव्हतं, फुली मात्र एक होती. मी बोट ठेवलं.

"ते सासूवरून," ती म्हणाली.