कर्नाळ्याजवळची दोन एकर: विकायची, द्यायची की राखायची?

नेरूळच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "वय 61, अनुदानित शाळेतून निवृत्त शिक्षिका. पेन्शन 36,000, घरखर्च 52,000. मिस्टरांना पेन्शन नाही, त्यांना मधुमेह आहे. राहतं घर स्वतःचं, एफडी 18 लाखांची, दोघांचा मिळून आरोग्य विमा 5 लाखांचा. पनवेल तालुक्यात कर्नाळ्याच्या बाजूला आईकडून आलेली दोन एकर भातजमीन माझ्या एकटीच्या नावावर आहे. एक एकर रस्त्याला लागून, दुसरी मागे ओढ्याकाठी. आमचं गाव नव्या शहराच्या यादीत आलंय. एक बिल्डर एकरी 60 लाख देतो म्हणतो, पण दोन्ही एकर एकदम हव्यात, आणि आधी एनए (बिगरशेती) तुमच्याच नावाने करू म्हणतो. उशीर केलात तर सरकार घेईल, असंही सांगतो. गावात निसर्ग राखणाऱ्या मंडळींचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. रस्त्यालगत घरं होऊ देत, ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा मात्र मोकळा राहू दे, असं त्यांचं म्हणणं. मागची एकर दान द्या, पूर्ण किमतीवर 80जीची (देणगीवरची) करसवलत मिळेल, असं त्यांनी सांगितलंय. मुलगी म्हणते, तुला हवं ते कर. काय करू?"

ताई,

आधी माझं मत सांगतो, कारणं मागून. रस्त्याची एकर विका. ओढ्याची एकर विकू नका आणि आत्ता दानही करू नका. ती तुमच्याच नावावर ठेवून ट्रस्टला देखभालीसाठी द्या. बिल्डरला दोन्ही एकरच हव्या असतील तर त्याला नमस्कार करून दुसरं गिऱ्हाईक बघा. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला, नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली. त्या भागात रस्त्याच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळणार नाही, अशी परिस्थिती नाही.

आता तुमच्या घरचा हिशेब. महिन्याला 16,000 कमी पडतात. एफडीच्या व्याजाने बरीचशी तोंडमिळवणी होते, उरलेलं मुद्दलातून जात असणार. पण खरी काळजी वेगळीच आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. तुमची पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्म्यावर बांधलेली आहे, कुटुंब निवृत्तिवेतन मात्र 30 टक्क्यांवर. म्हणजे तुमच्या पश्चात मिस्टरांच्या हातात आजच्या 36,000 ऐवजी साधारण 21,600 येतील. घरात एक माणूस कमी झालं म्हणून खर्च निम्मा होत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स तेवढाच, औषधं तेवढीच. जमिनीचा निर्णय या एका आकड्याकडे बघून घ्यायचा आहे.

त्यामुळे दोन्ही एकर देऊन टाकणं तुम्हाला परवडणारं नाही, आणि दोन्ही विकण्याची गरजही नाही. एका एकराच्या 60 लाखांत काय होतं ते बघा. एफडीचे 18 लाख आणि विक्रीतले 12 लाख मिळून 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत. एका व्यक्तीला तेवढीच मर्यादा आहे. सध्याच्या 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला 20,500. आजची तूट भरून चार हजार वर उरतात. एफडी मोडताना दंड किती बसतो ते बघा आणि मुदत जवळ आली असेल तर थांबा. मग 15 लाख फक्त आजारपणासाठी बाजूला. पाच लाखांचा विमा दोन ज्येष्ठांना नवी मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात पुरत नाही, आणि मधुमेहासह या वयात विमा वाढवून मिळाला तरी हप्ता जड जातो. उरतात 33 लाख. त्यांना सात-आठ वर्षं हात लावायचा नाही. निम्मे सुरक्षित रोख्यांच्या फंडात, निम्मे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या इंडेक्स फंडात, तेही एका दिवसात न घालता दीड-दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने. मिस्टर एकटे राहिले तर ती तूट भरायला हेच पैसे आहेत.

हा हिशेब विक्रीवर कर नाही असं धरून केला. तसं धरता येईल का, ते एका गोष्टीवर ठरतं आणि बिल्डरचा प्रस्ताव नेमका तिथेच तुम्हाला महागात पडू शकतो. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले. मी सगळ्यांच्या तोंडी असलेले जुनेच वापरतो.) ग्रामीण शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ता नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा करच नाही. ग्रामीण कशाला म्हणायचं? दहा लाखांवर लोकसंख्येच्या पालिकेच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या बाहेर, एक ते दहा लाखांची असेल तर 6 किलोमीटरच्या, दहा हजार ते एक लाखाची असेल तर 2 किलोमीटरच्या बाहेर. अंतर सरळ रेषेत, रस्त्याने नव्हे. 2011 च्या जनगणनेनुसार नवी मुंबई महापालिका 8 च्या गटात येते, पनवेल महापालिका 6 च्या. कर्नाळ्याच्या बाजूची बरीच गावं या रेषेच्या अल्याड-पल्याड आहेत, म्हणून अंदाजावर जाऊ नका. अंतराचा लेखी दाखला तहसील कार्यालयातून मागून घ्या आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद चालू आहे ना, तेही तपासा. ई-पीक पाहणीत भात लागलेला दिसला पाहिजे. गाव नव्या शहराच्या यादीत आलं एवढ्याने ही सवलत जात नाही, पण उद्या तिथे पालिका आली किंवा पनवेलची हद्द वाढली तर जाईल.

आणि ती आजच घालवायची असेल तर सोपा मार्ग म्हणजे विक्रीच्या आधी तुमच्या नावाने एनए करून घेणं. जमीन बिगरशेती झाली की शेतजमिनीची सूट संपली. बिल्डरला त्यात सोय आहे, कारण शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही आणि एनए झालेली घेता येते. त्याची सोय, कर मात्र तुमच्या माथी. दाखल्यात जमीन खरोखर ग्रामीण निघाली तर ती शेती म्हणून शेतकऱ्यालाच विकायची. भाव थोडा कमी आला तरी हातात जास्त उरेल.

जमीन अंतराच्या आत निघाली तर? समजा मूल्यांकनकर्त्याने, नफा मोजताना खरेदी किंमत म्हणून धरायची 1 एप्रिल 2001 ची किंमत एकरी 2 लाख काढली. 58 लाखांच्या नफ्यावर 12.5 टक्के म्हणजे सव्वासात लाख, त्यावर अधिभार-उपकर धरून आठ लाखांच्या पुढे. महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा जुना पर्याय तुम्हाला खुला आहे, पण तो दहा लाखांच्या वर जातो. अशा वेळी विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत साधारण 29 लाख भांडवली नफ्यावरचा कर वाचवणाऱ्या 54ईसी रोख्यांत घाला. कर पावणेचार लाखांच्या आसपास येईल, अधिभारही टळेल. रोखे पाच वर्षं अडकतात आणि व्याज जेमतेम सव्वापाच टक्के, पण वाचलेला कर धरला तर हिशेब जमतो. नाही तरी हे पैसे आपण लांबच्याच सोयीसाठी ठेवतो आहोत.

आता "उशीर केलात तर सरकार घेईल" या वाक्याबद्दल. उरण-पनवेलच्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं ते मला माहीत आहे. 1970 ला नवी मुंबई वसवायला सिडको आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, 1984 ला जासईच्या आंदोलनात गोळीबारात माणसं गेली तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्यापर्यंत गोष्ट पोहोचली. ती भीती खोटी नाही. पण तिच्यापोटी घाईने सही करू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये 124 गावांच्या नव्या शहरासाठी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नवनगर विकास प्राधिकरण नेमलं, याचा अर्थ त्या गावांतला प्रत्येक गट संपादित होणार असा नाही. 2013 च्या कायद्याखाली सक्तीने घेतली तर बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम असते आणि तो मोबदला आयकरातून मुक्त आहे. विमानतळाभोवतीच्या सिडकोच्या नैना प्रकल्पासारखी नगररचना योजना आली तर तिथे मालकाला 40 टक्के विकसित भूखंड परत मिळतो. या सगळ्यात नव्या शहराचा विकास आराखडा काय म्हणतो ते महत्त्वाचं. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांच्या मुदतीत तुमचा गट कुठल्या झोनमध्ये आहे ते बघा आणि ओढ्याच्या पट्ट्यासाठी ट्रस्टच्या बरोबरीने स्वतःच्या नावाने अर्ज द्या. मालकाच्या अर्जाला वजन असतं.

ट्रस्टबद्दल मला आदर वाटला. वाढीला सरसकट विरोध न करता कुठे बांधायचं आणि कुठे नाही, असा विचार करणारी मंडळी आपल्या भागात कमीच. ओढ्याचे काठ बुजले की पावसाचं पाणी कुणाच्या घरात शिरतं, हे खारघर-कळंबोलीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. तरीही दानपत्र करू नका, त्याची कारणं आहेत.

80जीची सवलत फक्त पैशांच्या देणगीला आहे, जमिनीला नाही. शिवाय नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही, आणि तुमचं वर्षाचं उत्पन्न सात लाखांच्या आसपास असेल तर नव्या प्रणालीत तुम्हाला एरवी करच लागत नाही. ट्रस्टने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, पण या आशेवर सही नको.

दुसरं, कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन दान किंवा भाड्याने देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मृत्युपत्रानेही ही अडचण सुटत नाही. गुजरातच्या एका प्रकरणात याच कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तसा निकाल दिला आहे.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जमीन ट्रस्टच्या नावावर गेली म्हणजे कायमची राखली गेली, असं कायदा म्हणत नाही. धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेऊन ट्रस्ट ती विकू शकतो. आजचे विश्वस्त विकणार नाहीत, वीस वर्षांनंतरच्यांची हमी कोण देणार? "बांधकाम करू नये" अशी अट दानपत्रात घातली तरी पूर्ण हक्काने दिलेल्या जमिनीवर ती सहसा टिकत नाही. शेजारी तुमची स्वतःची जमीन असेल आणि तिच्या उपभोगासाठी अट असेल, तरच तिला जोर येतो. अमेरिकेत जमीन आपल्याकडेच ठेवून फक्त बांधकामाचा हक्क ट्रस्टला कायमचा देऊन टाकता येतो, आणि त्यावर करसवलतही मिळते. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही.

आपल्याकडे आहे ते असं: वन्यजीव संरक्षण कायद्यात समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद आहे. खासगी मालकाने स्वखुशीने पुढे यावं, राज्य सरकारने घोषित करावं, मालकी मालकाचीच राहते आणि त्यानंतर जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. तुमच्या घराजवळचं डीपीएस फ्लेमिंगो तळं 2025 मध्ये संवर्धन राखीव म्हणून मंजूर झालं, तो याच कायद्यातला सरकारी जमिनीसाठीचा मार्ग. तुमची एक एकर एकटी पुरणार नाही, पण ओढ्याकाठचे आठ-दहा मालक जमले तर ट्रस्टने वनखात्याकडे जावं. या कामाला वेळ लागेल, म्हणून तोवर ट्रस्टशी साधा देखभाल करार करा. ताबा आणि हक्क तुमचा, झाडं आणि बांध राखण्याची परवानगी त्यांची, दर तीन वर्षांनी नूतनीकरण. मसुदा वकिलाकडूनच. मुलीला वारसाने ही जमीन मिळू शकते, तेव्हा मृत्युपत्रात ती तिच्या नावे करा आणि आत्ताच तिला बरोबर घेऊन एकदा ओढ्यापर्यंत जाऊन या. तिचं "तुला हवं ते कर" हे जमीन न बघता दिलेलं उत्तर आहे का, ते कळेल.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा सातबारा, फेरफार आणि जमीन भोगवटादार वर्ग 1 (विकायला सरकारी परवानगी न लागणारी) आहे का हे बघणं. मग भूमी अभिलेखकडून मोजणी, कारण दोन एकर एकाच गटात असतील तर रस्त्याची एकर वेगळी काढताना तुकडेबंदीचा (जमिनीचे फार लहान तुकडे न करण्याचा) नियम आड येतो का ते तपासावं लागतं. मागच्या एकराला वहिवाटीची वाट खरेदीखतातच लिहून घ्या, नाही तर विकल्यावर स्वतःच्याच जमिनीत जाता येणार नाही. अंतराचा दाखला हातात येईपर्यंत कुणाचाही टोकन घेऊ नका. रोखीत एक रुपयाही नको, सगळी रक्कम बँकेतून. बिल्डरने विसार म्हणून चेक आधीच दिला असेल तर तो खात्यात न भरता परत करा, आणि परत केल्याची पोच घ्या.