मोबाइलमधल्या झुरळाला कोण घाबरणार?

"मॅडम, ते खोटं आहे हे दिसतंय, मग भीती जाणार कशी?" भीतीवरच्या उपचारात मी ऑगमेंटेड रिॲलिटी (मोबाइलच्या पडद्यावर खऱ्या जागेत खोटी वस्तू दाखवणारं तंत्र) वापरते हे कळलं की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत हा प्रश्न हटकून येतो. पाल, कोळी, झुरळाला घाबरणारे विचारतात. त्यांना घेऊन आलेले नवरे तर हसत हसत विचारतात. मला त्याचं उत्तर सापडलं ते एका खानावळवाल्या ताईंकडून. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

विद्यापीठाच्या बाजूच्या पोरांना त्या रोज चाळीस डबे देतात. पहाटे नवऱ्यानं आधी दिवा लावायचा, ओट्याखाली काठी आपटायची, मग त्या आत जाणार. एका पावसाळी सकाळी सिलिंडरमागून झुरळ निघालं. गॅसवर पांढरा रस्सा तसाच टाकून त्या थेट जिन्यात. रस्सा फुटला, त्या दिवशी डब्यात नुसता तांबडा. "दिसलं की मी पळतोच," त्या म्हणाल्या. (आमच्याकडे बायकाही 'पळतो'च म्हणतात.)

मोबाइलचा कॅमेरा समोरचा सपाट भाग ओळखतो आणि त्यावर हलतं झुरळ बसवतो. फोन कसाही फिरवा, ते टेबलावर जागच्या जागी. टेबल खरं, हात आपला, झुरळ तेवढं उसनं. माणसाला आपल्याच खोलीतून उचलून दुसऱ्या जगात नेणाऱ्या चष्म्यापेक्षा मला हे बरं वाटतं. स्पेनमध्ये मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना बोतेल्या यांच्या गटानं २००५ मध्ये झुरळाच्या भीतीवरच असा उपचार मांडला होता. पुढे २०१६ मध्ये त्यांनी ६३ जणांवर खऱ्या प्राण्यांशी तुलना केली. उपचार संपताना खरे प्राणी काही बाबतीत थोडे पुढे होते, पण सहा महिन्यांनी दोन्ही गट बरोबरीला आले होते.

पहिल्या दिवशी झुरळ टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. शून्य ते शंभरमध्ये भीती किती? "पंच्याऐंशी." आणि दर अर्ध्या मिनिटाला, "खोटंच हाय न्हवं?" दोनदा मी "हो" म्हणाले. चुकलंच माझं. असला दिलासा दर वेळी नव्यानं लागतो. तिसऱ्यांदा मीच विचारलं, "खरं झुरळही जिवाला काही करत नाही, हे आधी ठाऊक होतं ना?"

"व्हय की."

"तरी पळालात."

"पळालो." मग थोडा वेळ गप्प. "म्हंजे ठाऊक असून उपेग न्हवता."

"आणि आता हे खोटं आहे हेही ठाऊक आहे."

त्यांनी छातीवर हात ठेवला. "तरीबी धडधडतंयच की हो!"

ते वाक्य मी आजवर कितीजणांना ऐकवलं असेल! भीती डोक्यातल्या माहितीला विचारून येत नाही. म्हणूनच ती खोट्या झुरळापुढेही उभी राहते, आणि उभी राहते म्हणूनच तिला तिथे उतरवता येतं.

तिसऱ्या भेटीत हात. माझ्याकडच्या साध्या ॲपला हात आणि टेबल यातला फरक कळत नाही, त्यामुळे हात पुढे सरकवला की झुरळ थेट हातावर दिसतं. खोड ॲपची, पायरी मला फुकट. ताईंचा आकडा नव्वदवर, बांगड्या किणकिणतायत. "मला सहन होत न्हाई." 'सहन होत नाही' असले समजच तपासायला लावणाऱ्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेवरची मी, हे वाक्य सोडणार थोडीच? "नकोसं होतंय म्हणा. सहन तर आत्ता करताय." नव्वद, सत्तर, पुन्हा पंचाहत्तर. अकराव्या मिनिटाला चाळीस. आणि हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "उद्या वांगी करावी का घेवडा?"

मी काहीच बोलले नाही. समोरचा माणूस "बरं वाटतंय" म्हणाला तर मी अजून सावध असते. भाजीचा विचार आला, की मी पेन खाली ठेवते.

पुढे बरणीतलं मेलेलं झुरळ, मग जिवंत, मग त्यांचं स्वयंपाकघर. पडद्यावरच थांबलो तर काम अर्धवट राहतं, हे घाबरणाऱ्या मुलांच्या पालकांना मी पुन्हा पुन्हा सांगते. घरी पोराच्या तोंडापुढे अचानक फोन धरून "बघ, काही करतंय का!" हा प्रकार तर करूच नका. पुढची पायरी त्यानं "हो" म्हटल्यावरच. घाबरलेला माणूस भीतीचा आकडा वर असतानाच पळाला तर भीती पक्की होते, म्हणून पायरी लहान हवी आणि वेळ भरपूर. रक्त किंवा इंजेक्शन बघून चक्कर येणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांचा रक्तदाब खाली येतो, त्यांना आधी स्नायू ताठ करायला शिकवावं लागतं. असले प्रयोग घरी नकोत.

मागच्या आषाढात ताईंचा फोन आला. सिलिंडरमागून पुन्हा झुरळ निघालं होतं. त्यांनी ते चपलेनं मारलं, हात धुतले आणि चपात्या पुऱ्या केल्या.

"शाबास!" मी म्हणाले.

"पर चप्पल मालकांची घेतली हं, मॅडम."