औशात समुद्र कुठला?

प्रश्न : मुलगी नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूगर्भशास्त्र. सहावी ते आठवीच्या शिक्षकांना भूविज्ञान आणि समुद्रविज्ञान कसं शिकवायचं, याचं प्रशिक्षण द्यायचं म्हणते. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात समुद्र कुठला? यात नोकरी तरी आहे का? – एक आई

ताई, नोकरीचं आधी सांगतो. 'भूविज्ञान प्रशिक्षक' अशी जाहिरात निघत नाही. वाट शाळेतूनच जाते: बी.एड., टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर, अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. भरती लांबते, तेवढा धीर धरावा लागेल. पुढे एम.एस्सी. आणि एम.एड. केलं, तर बी.एड. कॉलेज किंवा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे वळता येईल. पण त्याआधी चार-पाच वर्षं तिनं सातवी-आठवीचा वर्ग घ्यावाच. वर्गात कधी उभा न राहिलेल्या प्रशिक्षकाचं शिक्षक मनावर घेत नाहीत.

आता तिच्या विषयाबद्दल. आठवीच्या भूगोलात 'पृथ्वीचे अंतरंग', 'सागरतळरचना', 'सागरी प्रवाह' हे धडे आहेत. भूगोल बहुधा कला शाखेचे शिक्षक शिकवतात, आणि विज्ञानाचे शिक्षक या धड्यांकडे फिरकत नाहीत. त्यामुळे धडा वाचून दाखवला जातो, प्रयोग राहून जातो. तुमच्या मुलीची खरी गरज इथे आहे. म्हणून बी.एड.ला विज्ञानासोबत भूगोल ही अध्यापन पद्धती मिळते का, हे प्रवेशाआधीच विचारा.

आणि समुद्र? तेरणा नदीचं पाणी मांजरेत, मांजरेचं गोदावरीत आणि गोदावरीचं बंगालच्या उपसागरात जातं. त्याच उपसागरातले कमी दाबाचे पट्टे भाद्रपदात आपल्याकडे पाऊस घेऊन येतात. २०१५ साली प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, जोरात होता, इकडे पावसानं दगा दिला, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते दिवस आठवणाऱ्या घरात समुद्र लांबचा कसा म्हणायचा?

खडकाचं तर सांगायलाच नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, ते किल्लारी तुमच्याच तालुक्यातलं. दख्खनचं पठार स्थिर मानलं जायचं, तरी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला, आणि दगड-मातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसं गेली. आजच्या मुलांना हे आजी-आजोबांच्या तोंडून माहीत आहे. जमीन का हलली आणि घरं का पडली, हे शिक्षकानं सांगायला हवं. ते नीट सांगणारे शिक्षक तयार करायचं काम मला फार मोलाचं वाटतं.

या सुट्टीत तिला एक करू द्या. गावच्या शाळेतल्या गुरुजींना विचारून एक तास घ्यावा. काचेच्या ग्लासात साधं पाणी, त्यात कडेनं हळूच सोडलेलं रंगीत खारं पाणी. खारं पाणी जड, म्हणून तळाला बसतं, आणि खोल सागरी प्रवाहाचं एक कारण मुलांना डोळ्यांनी दिसतं. मग सगळ्यांना एखाद्या विहिरीवर न्यावं, कठड्यापासून लांब उभं करून माती, मुरूम, काळा पाषाण हे थर दाखवावेत. तास झाल्यावर गुरुजींनी तिला काय काय विचारलं, ते मला लिहून कळवा.