पार्ट नावाने नको, मापाने मागा : वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रे जुन्या ट्रायल्स मोटारसायकलींवर आली आहेत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रायल्स ही वेगाची शर्यत नाही. दगड, ओढे, चिखल, झाडांच्या मुळ्या यांतून आखलेल्या पट्ट्यात पाय न टेकवता गाडी काढायची असते. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, पट्टा पुरा झाला नाही तर पाच. गाडीची सगळी परीक्षा ताशी पाच-सहा किलोमीटरला होते, आणि दुरुस्तीचे निर्णयही त्याच वेगाकडे बघून घ्यायचे असतात.

प्रश्न : घरी ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट 350 आहे. जॉनी ब्रिटनच्या ट्रायल्स बुलेटचे फोटो पाहिल्यापासून तशी गाडी करायची इच्छा आहे. काय बदलावे लागेल? पार्ट इंग्लंडहून आणावे लागतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या गाडीचे घराणे खरोखर तेच आहे. मागे चिमटा (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा फाटा) आणि शॉकअप असलेली बुलेट पहिल्यांदा लोकांसमोर आली ती 1948 च्या कोलमोर ट्रायलमध्ये. ब्रिटन यांनी एचएनपी 331 या नंबरच्या बुलेटवर 1952 आणि 1957 अशी दोनदा स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. 1955 पासून मद्रासमध्ये तीच 70 मिमी बोअर, 90 मिमी स्ट्रोकची 346 सीसी बुलेट बनू लागली. त्यामुळे इंग्लंडमधले जुन्या बुलेटवालेच कितीतरी पार्ट भारतातून मागवतात. तुम्हाला उलटा प्रवास करायची गरज नाही. फरक मुख्यतः इग्निशनचा आहे. त्यांच्या ट्रायल्स गाडीवर मॅग्नेटो होता, तुमच्या गाडीवर पॉइंट आणि कॉइल. टायमिंग बाजूचे कव्हर किंवा गिअर घेताना तेवढे डोळ्यांत तेल घालून बघा.

पहिला खर्च गिअरिंगवर करा. बाकी सगळे नंतर. 350 ला प्रायमरीत, म्हणजे इंजिन ते क्लच या चेनमध्ये, पुढे 25 आणि क्लचवर 56 दात, म्हणजे रेशो 2.24. अल्बियन गिअरबॉक्सचा पहिला गिअर 2.78. पुढचे स्प्रॉकेट 16 आणि मागचे 38 धरले तर पहिल्या गिअरचा एकूण रेशो 14.8 येतो. इंजिन 1000 आरपीएमला असताना गाडी ताशी आठ किलोमीटरने पळते. दगडांत हा वेग फार झाला, मग क्लच दाबत बसावे लागते आणि प्लेटा जळतात. पुढे 14 लावले तर रेशो 16.9 होतो. तेवढ्याने भागत नाही. मागे 50 केले की 22.2 येतो आणि तीच गाडी ताशी साडेपाच किलोमीटरने चालते. हिशेब करण्याआधी स्वतःच्या गाडीचे दात मात्र मोजा. इतक्या वर्षांत कोणी काय बसवले असेल सांगता येत नाही.

अडचण अशी की बुलेटचे मागचे स्प्रॉकेट ब्रेक ड्रमशी एकसंध असते. चांगल्या टर्नरकडून दुसऱ्या एका ड्रमचे दात उतरवून घ्यावे लागतात आणि उरलेल्या कडेवर स्टीलची नवी दातेरी रिंग बोल्टने बसवावी लागते. लेथवर चढवण्याआधी जुन्या दातांची मध्यरेषा ड्रमच्या कडेपासून किती मिमीवर आहे ते लिहून ठेवा. नवी रिंग त्याच रेषेत आली नाही तर चेन उतरते. 50 दातांची त्रिज्या 38 पेक्षा साधारण 30 मिमीने जास्त असते, म्हणून चिमटा आणि चेनगार्डला ती लागते का हे पुठ्ठ्याची चकती कापून आधीच बघून घ्या. चेन घेताना नुसती पिच सांगून भागत नाही. 520, 525 आणि 530 या तिन्हींची पिच 5/8 इंच, म्हणजे 15.875 मिमी, पण आतली रुंदी अनुक्रमे 1/4, 5/16 आणि 3/8 इंच. रिंगची जाडी त्यानुसार ठरवा.

दुसरा खर्च चाकांचा. मागे 18 इंची रिम आणि 4.00-18 टायर घ्या. जुनी पद्धत 4.00-19 ची होती, पण 18 मध्ये आज निवड जास्त मिळते. पुढे 2.75-21. इथे हमखास चूक होते: आजच्या ऑफ-रोड गाडीची 21 इंची रिम आणली जाते आणि घरी आल्यावर कळते की बुलेटच्या हबला 40 आरे आहेत, रिमला भोके 36. रिम मागताना भोकांची संख्या आधी सांगा, इंच नंतर. रिमची रुंदी पुढे 1.60 इंच, मागे 2.15.

हवा हलक्या टू-स्ट्रोकला पुढे 5-6 आणि मागे 4-5 पीएसआय पुरते. बुलेटच्या वजनाला 7-8 पासून सुरुवात करा, नाहीतर रिम दगडावर आपटून वाकेल. इतक्या कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो, म्हणून टायर रिमला दाबून धरणारे सिक्युरिटी बोल्ट पुढे एक आणि मागे दोन हवेतच. पेट्रोल पंपावरचा गेज या आकड्यांना भरवशाचा नाही. 0 ते 15 पीएसआयचा वेगळा गेज घ्या.

मधले स्टँड, टूलबॉक्स, लांब सीट, जड मडगार्ड काढा. पाय ठेवायच्या खुंट्या थोड्या खाली आणि मागे घ्या, म्हणजे उभे राहिल्यावर वजन बरोबर पडते. इंजिनखाली 4-5 मिमी अॅल्युमिनियमची प्लेट लावा.

एक गोष्ट मनापासून सांगतो: चासी कापू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही. वर सांगितलेले सगळे बोल्टने उलटे फिरवता येते. मूळ ड्रम, रिमा, मडगार्ड तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा, आणि बदललेली गाडी परवानगी घेतलेल्या खासगी जागेतच चालवा.

प्रश्न : जुन्या इंग्लिश इंजिनाचे बोल्ट हरवले होते. दुकानातून 8 मिमीचे आणले, दोन आटे छान गेले, मग घट्ट झाले. जोर लावल्यावर भोकातले आटेच बाहेर आले. असे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी. व्हर्नियरवर दोन्ही बोल्ट सारखेच दिसतात. पण एम-8 च्या आट्यांची पिच 1.25 मिमी, म्हणजे इंचाला साधारण 20 आटे. इंची आट्यांच्या मात्र कितीतरी पद्धती आहेत: 5/16 बीएसएफला इंचाला 22, बीएससी म्हणजे सायकल आट्याला 26, यूएनएफला 24, तर व्हिटवर्थला 18. शिवाय बीएसएफ आणि व्हिटवर्थच्या आट्याचा कोन 55 अंश, बाकीच्यांचा 60. दोन आटे कसेही जातात, तिसऱ्यापासून अॅल्युमिनियम कापले जाते.

थ्रेड गेज, म्हणजे दातेरी पात्यांचा पंखा, इंची आणि मेट्रिक दोन्ही विकत घ्या. आटे स्वच्छ पुसा, पाते बसवा आणि उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर ते पाते नव्हे. 1/4 इंचात बीएसएफ आणि बीएससी दोन्हींना 26 आटे असतात, तिथे गोंधळ होतो, पण बसतात दोन्ही. 3/8 ला बीएसएफ 20, बीएससी 26, यूएनएफ 24. हे आकडे गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

गेलेल्या भोकात मोठा बोल्ट ठोकू नका. मूळ मापाचा तारेचा इन्सर्ट बसवा. त्याला लागणारा टॅप वेगळा असतो, आणि किट बीएसएफचे की बीएससीचे हे दुकानदाराकडून लेखी घ्या. ड्रिल हाताने मारू नका, ड्रिल प्रेसवरच काटकोनात मारा. क्रँककेसला वाकडे भोक पडले की कव्हर कधीच तेल धरत नाही.

प्रश्न : इंग्लंडमध्ये खोक्यांत भरलेली बुल्ताको शेर्पा टी 250 घेतली. विकणारा म्हणतो सगळे ‘ओरिजिनल’ आहे. सुरुवात कुठून करू? फायबरची टाकी आतून चिकट लागते आहे.
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : ‘ओरिजिनल’ हा शब्द बाजूला ठेवा आणि नंबर बघा. कारखान्यातून निघताना बुल्ताकोच्या इंजिनावर आणि चासीवर एकच नंबर असायचा आणि त्याची सुरुवात मॉडेल क्रमांकाने होते. हे दोन्ही जुळतात का, नोंदणीच्या कागदावर तेच आहेत का, हे पहिले काम. ट्रायल्सपटू सॅमी मिलर यांनी बुल्ताकोच्या बार्सिलोनातल्या कारखान्याबरोबर 1964 मध्ये घडवलेली पहिली शेर्पा टी म्हणजे मॉडेल 10. पुढच्या वर्षी त्यांनी तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. त्यानंतर मॉडेल बदलत गेली, पार्टही बदलले. दुकानाला ‘शेर्पाचा पार्ट’ म्हणून फोन केलात तर चुकीचा येणारच. मॉडेल क्रमांक सांगा.

मग बोअर मोजा. 250 म्हणजे 72 × 60, 244 सीसी. मोठी, 350 म्हणून विकली जाणारी, 83.2 मिमी बोअरची, प्रत्यक्षात 326 सीसी. खोक्यांच्या गाड्यांत दोन्हींचे भाग मिसळलेले असतात. क्रँककेसचे दोन्ही अर्धे एकत्र मशीन केलेले असतात, म्हणून डावा एका गाडीचा आणि उजवा दुसऱ्या गाडीचा निघाला तर पुढे पैसे घालण्याआधी तिथेच थांबा. पूर्ण जोडी मिळेपर्यंत दुसरे काहीही खरेदी करू नका. केस, हेड, हब ही घरी न बनणारी चीज आधी. केबल, मडगार्ड, ग्रिप शेवटी. आणि नवा पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर बोअरिंगला देऊ नका. पिस्टनचे प्रत्यक्ष माप घेऊन बोअर ठरते, डबीवरचा आकडा बघून नव्हे.

क्रँकची दोन्ही सील न बघता बदला. क्लच बाजूचे गेले तर इंजिन प्रायमरीतले तेल ओढते आणि पांढरा धूर थांबत नाही. मॅग्नेट बाजूचे गेले तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते, थ्रॉटल सोडला तरी इंजिन खाली येत नाही आणि एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. जोडणीनंतर इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करून 6 पीएसआय हवा भरा. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर साबणाचे पाणी लावून गळती शोधा.

कार्बोरेटर अॅमल कॉन्सेंट्रिक असेल तर फ्लँजजवळचा नंबर वाचा. 600 च्या मालिकेत शेवटचे दोन आकडे म्हणजे भोकाचे मिमी: 626 म्हणजे 26, 627 म्हणजे 27. स्लाइड बोटाने हलवून बघा. खडखडली तर जेट बदलून काही होणार नाही, नवी कडक अॅनोडाइझ केलेली स्लाइड किंवा नवे कार्बोरेटर घ्या.

आता टाकी. त्या चिकटपणाचे कारण पेट्रोलमधले इथेनॉल. जुन्या टाकीचे पॉलिस्टर रेझिन त्यात मऊ पडते, विरघळलेला थर कार्बोरेटरमध्ये तपकिरी लाखेसारखा बसतो आणि स्लाइड उघडी असताना अडकते. हे जिवावरचे आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधे पेट्रोल ई10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, सुपर बहुधा ई5. कमी इथेनॉलने नुकसान हळू होते, थांबत नाही. सर्वांत खात्रीचा उपाय अॅल्युमिनियमची टाकी, आणि मूळ टाकी शोभेला जपून ठेवणे. आतून इथेनॉल सोसणारा इपॉक्सी थर द्यायचाच असेल तर टाकी रिकामी करून कित्येक दिवस उघडी वाळवा, मूठभर नट टाकून हलवून आतला पृष्ठभाग खरवडा, मगच थर द्या. ओल्या, चिकट रेझिनवर दिलेला थर पापुद्र्यासारखा सुटून पेट्रोलच्या कॉकमध्ये येतो. अॅसिटोन कार्बोरेटर धुवायला वापरा, फायबरच्या टाकीत कधीही ओतू नका.

प्रश्न : ट्रायल्ससाठी केलेली बुलेट सरळ रस्त्यावर उत्तम चालते, पण दगडांत अगदी हळू घेतली की खोकते आणि बंद पडते. जेट तीनदा बदलून झाले.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जेट आता राहू द्या. आधी पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी करा, मग टायमिंग लावा. क्रम उलटा केला तर गॅप बदलताच टायमिंगही हलते. 350 ला ऑटो अॅडव्हान्स (वेग वाढेल तसा स्पार्क आधी पाडणारी वजने) पूर्ण मिटलेला असताना पॉइंट पिस्टनच्या वरच्या टोकाच्या 0.8 मिमी आधी उघडले पाहिजेत, म्हणजे क्रँकचे साधारण दहा अंश. प्लगचे भोक तिरके आहे, त्यातून घातलेली तार खोटे माप दाखवते, म्हणून क्रँकवर अंशांची चकती लावून काम करा.

मग अॅडव्हान्सच्या वजनांच्या स्प्रिंगा बघा. तुमच्या लक्षणावरून आमचा पहिला संशय त्यांच्यावरच आहे. स्प्रिंग सैल झाली की हळू चालतानाच स्पार्क पुढे जातो, इंजिन उलटा धक्का देते आणि खोकते. वेगात वजने तशीही पूर्ण उघडलेली असतात, म्हणून रस्त्यावर दोष कळत नाही. कॅम बोटाने फिरवून सोडा. तो स्वतःहून चटकन परत आला पाहिजे. येत नसेल तर दोन्ही स्प्रिंगा जोडीने बदला.

एवढे करूनही फरक पडला नाही तर कार्बोरेटरचा फ्लँज काचेवर ठेवून बघा. नट जास्त आवळल्याने तो धनुष्यासारखा वाकतो आणि हवा ओढतो. काचेवर 320 नंबरचा पॉलिश पेपर पसरून सपाट करा. टॅपेट थंड इंजिनावर शून्य ठेवा: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये.

प्रश्न : चासीला पावडर कोटिंग करावे की रंग?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ट्रायल्सच्या चासीला रंगच बरा. पावडरचा थर जाड आणि लवचिक असतो, त्याखाली पडलेली चीर दिसतच नाही. सँडब्लास्ट झाल्यावर प्रायमरआधी हँडलच्या नळीचे सांधे, चिमट्याची बिजागरी आणि पायखुंट्यांची वेल्डिंग डाय पेनिट्रंटने तपासा: लाल द्रव लावा, दहा मिनिटे थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. केसासारखी लाल रेघ उमटली तर तिच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचे भोक पाडून, व्ही आकारात घासून मगच वेल्ड करा. बेअरिंगच्या जागा आणि अर्थिंगचा बोल्ट रंगवण्याआधी टेपने झाका.