मामांचा के-१०००च ठेव

तू विचारलंयस की मामांच्या कपाटात निघालेला जुना फिल्म कॅमेरा, पेंटॅक्स के-१०००, शिकायला चालेल का, कारण मित्र सांगतोय, ‘त्यात काहीच ऑटो नाही, कॅनन एई-१ घे.’ मित्र म्हणतो ते खरंच आहे. पण शिकणाऱ्यासाठी मला नेमकी तीच गोष्ट मोलाची वाटते.

दोन्ही कॅमेरे १९७६ सालचे. एई-१चं शटर विजेवर चालतं, सेल संपला की फोटो निघत नाही. के-१०००चं शटर यांत्रिक आहे. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला, तोही साधा एलआर-४४, घड्याळवाल्याकडे मिळणारा. मीटरला वेगळं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला टोपण लाव, नाहीतर उजेडात सेल उतरत राहतो.

खरी शिकवणी त्या मीटरच्या सुईची. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावतो त्या खिडकीत, उजव्या कडेला ती दिसेल. दुपारी आपल्या बडोद्यातल्या मांडवीपाशी जा आणि उन्हातल्या रस्त्यावर कॅमेरा रोख, सुई झटकन वर जाते. तोच कॅमेरा छपराखाली बसलेल्या फुलवाल्याकडे वळव, ती खाली पडते. आता त्याचा चेहरा हवा की मागचा रस्ता? चेहरा हवा असेल तर जवळ जाऊन, शटरचा वेग किंवा अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) बदलून त्याच्यावर सुई मधोमध आण, मग मागे येऊन फोटो घे आणि रस्ता पांढरा पडतोय तर पडू दे. हे ऑटो कॅमेरा परस्पर ठरवून टाकतो, आणि फोटो असा का आला हे आपल्याला कधी कळतच नाही. आत अ‍ॅपर्चर किंवा शटरचा आकडा दिसत नाही याची सुरुवातीला अडचण वाटेल. पण तीन-चार रोलनंतर ते आकडे बोटांनाच पाठ होतात.

रोल घालण्याआधी मागचं झाकण उघडून कडेचा, उजेड अडवणारा फोम बघ. जुना फोम डांबरासारखा चिकट होतो, बोटाला काळा लागतो, आणि तिथून उजेड शिरतो. तो बदलता येतो, घाबरू नकोस. मग झाकण उघडंच ठेवून, लेन्स काढून, १/१००० सेकंदाच्या वेगावर शटर उजेडाकडे दाबून बघ. चौकटीची एक बाजू काळी राहिली तर आधी दुरुस्ती. एक सेकंदाचा वेगही कान देऊन ऐक, मध्येच अडकता कामा नये.

पहिला रोल कृष्णधवल घे, ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेड टिपण्याची क्षमता). आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजात शिकवलेल्या ज्योती भट्टांनी खेड्यांतल्या भिंतींवरच्या चित्रांचे काढलेले कृष्णधवल फोटो मिळतील तिथे बघ. मातीवर पांढरा रंग कसा उठतो, ते नुसत्या छटांवर पेललेलं आहे. घरी धुणार असशील तर डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, २० अंशांवर हवा. बडोद्यात मे महिन्यात नळाचं पाणीच ऊन येतं, म्हणून बाटल्या बर्फाच्या टबात ठेवून थर्मामीटर लाव.

आणि एक गोष्ट मनावर घेऊन पाळ. एका वर्षी दांडिया बाजारातल्या विसर्जन मिरवणुकीत मी अख्खे ३६ फोटो काढले. लेझीमवाल्या मुली, ढोल, गुलालाने माखलेले म्हातारे, सगळं. घरी येऊन रोल गुंडाळायला घेतला तर गुंडाळायची फिरकी हलकीच फिरली. फिल्मचं टोक पहिल्याच वेढ्याला सुटलं होतं; एकही चौकट पुढे सरकली नव्हती. मोजणीचा आकडा मात्र ३६ दाखवत होता, कारण तो फिल्म पाहत नाही, फिल्म सरकवायचा लीव्हर किती वेळा ओढला तेवढंच मोजतो. तेव्हापासून झाकण लावलं की डावीकडच्या फिरकीने ढील आवळून घेतो आणि लीव्हर ओढताना तिच्याकडे बघतो. ती उलटी फिरली तरच फिल्म सरकतेय. न फिरली तर तिथेच झाकण उघड, टोक पुन्हा खाचेत नीट बसव, मगच पुढचा फोटो.